सागवान नको म्हणणारा मिस्त्री

"वहिनी, सागनं डोकामातून काढी टाका. पाइन लावा," भिला मिस्त्री म्हणाला, आणि कोकिळाच्या मनात पाल चुकचुकली.

दोघं पश्चिमेच्या खोलीत उभे होते. खिडकीची खालची चौकट पावसाने कुजली होती, डाव्या बाजूने वाळवीने मातीची नळी चढवली होती, आणि झडपा इतक्या वाकल्या होत्या की मधल्या फटीतून मांजराचं पिलू आत यावं. कोकिळाची मुलगी सोनम पहिल्या बाळंतपणाला सुरतेहून येणार होती. तिची खाट याच खोलीत पडायची होती. म्हणून ही एक आणि ओसरीवरच्या दोन, अशा तीन खिडक्या थंडीच्या आत बदलायच्या असं ठरलं होतं. लाकूड कोणतं, हा प्रश्न घरात कोणी काढलाच नव्हता. खिडकी म्हणजे सागवान, त्यात काय ठरवायचं?

आणि आता हा भिला म्हणत होता, पाइन.

हाच भिला, ज्याने आपल्या बापाच्या हाताखाली या घराच्या खिडक्या केल्या होत्या. गावातल्या मारुतीच्या देवळाला बाभळीचं दार लावायचं ठरलं तेव्हा पंचांशी भांडून, चार घरी वर्गणी मागून, सागाचंच दार लावायला लावणारा माणूस हा. "साग म्हंजे साग, बाकीनं सरपण," हे त्याचं बोलणं गावात पोरासोरांनाही पाठ होतं.

"का बरं, भिलाभाऊ?" कोकिळाने विचारलं. "आते साग कसाले नको?"

भिलाने तिच्याकडे पाहिलं नाही. चौकटीत नख रुतवून कुजका भाग उकरत राहिला. "जमाना बदलना, वहिनी. आते पह्यलेसारखा साग तरी कोठे मियस? पाइन हलकं शे, सरळ शे, काम बी लवकर व्हई."

"पाऊस झेली का ते?"

"रंग देवाना टाइमवर," तो म्हणाला, आणि पेचकस काढून बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवू लागला. "ह्या झडपा लई जास मी. देखस घर जाईसन, काही उपेग व्हस का."

झडपा खांद्यावर टाकून तो गेला. खिडकीला कोकिळाने खताच्या गोणीचं प्लॅस्टिक बांधलं. वारा आला की ते फडफडायचं, आणि प्रत्येक फडफडीबरोबर तिला वाटायचं, काहीतरी शिजतंय.

कोकिळाचा संशय हा काही रिकामा उद्योग नव्हता. त्याला पूर्वपुण्याई होती. शेतावरच्या सालदाराने युरियाच्या गोण्या परस्पर विकल्या, ते तिनेच पकडलं होतं. सिलिंडर हलका लागतोय असं ती म्हणाली तेव्हा नवरा हसला होता. काटा आणून तोलला तेव्हा त्याचं हसू गेलं. दूध न चाखता त्यातलं पाणी सांगणारी बाई म्हणून गावात तिचं नाव होतं. इतक्या वेळा खरी ठरलेली माणसं मग चुकायची शक्यताच धरत नाहीत.

उमाकांत, तिचा नवरा, तळोद्याच्या एका शाळेत हेडक्लार्क होता. संध्याकाळी तो मोटारसायकल लावून आत आला तसं तिने सांगितलं. तिला वाटलं होतं, तो भिलावर चिडेल.

"मिस्त्री म्हणस ना, मंग पाइन लावू," तो बूट काढत म्हणाला.

"म्हंजे? पावसानी बाजूलेबी?"

"हां. काय फरक पडस?"

घराच्या नळाचं वॉशर बदलायचं असलं तरी चार दुकानं फिरणारा हा माणूस. कोकिळा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने टॉवेल घेतला आणि तोंड धुवायला गेला. नेहमीपेक्षा जरा लवकरच गेला.

आता एक नव्हे, दोन माणसं काहीतरी दडवत होती.

पुढचे काही दिवस तिने डोळे उघडे ठेवले. ओसरीवर बसून तिने गावातल्या खिडक्या मनातल्या मनात मोजून काढल्या. अमृत पाटलांनी मागच्या उन्हाळ्यात खिडक्या बदलल्या, त्या पाइनच्या. शाळेमागच्या इंद्रसिंगच्या घराला पाइन. दोन्ही कामं भिलाची. मग त्या घरांचा जुना साग कुठे गेला? शेजारच्या तापीबाईने त्यात तेल ओतलं. तापीबाई पपईच्या टेंपोवाल्याशी भांडून परत येत होती, ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "माय, जुना साग म्हंजे सोनं शे आजकाल. शहाद्याना एक हाटेलवाला खुर्च्या करस त्याना. झडपा लई गया ना तो? वाट देख आते तू."

झडपा नेऊन पंधरवडा उलटला होता. भिलाचा पत्ता नव्हता. निरोप पाठवला की उत्तर यायचं, देखी ऱ्हायनू, करी ऱ्हायनू.

शेवटी कोकिळा एके दिवशी जीपने तळोद्याला गेली. साडीच्या दुकानात जाते असं घरी सांगितलं आणि गेली ती भाईदास शेठच्या लाकडाच्या वखारीत.

वखारीत ओल्या भुशाचा वास भरला होता. मागे करवत चालू होती. भाईदास शेठ जाडजूड, बोलका माणूस; गिऱ्हाईक बाई आहे म्हणून त्याने तिला टाळलं नाही. दोन तुकडे आणून तिच्या दोन हातांत दिले.

"हाई साग. हाई पाइन. तोला."

साग हाताला ओढत होता. त्याला किंचित तेलकटपणा होता आणि जुन्या चामड्यासारखा वास. पाइन पांढरट पिवळं, डोळ्यांसारख्या गाठींचं, नुकतं धुतल्यासारखं स्वच्छ. तिने पाइनमध्ये नख दाबलं. नख उमटलं. सागात उमटलं नाही.

"मंग पाइन वाईटच ना?" ती म्हणाली.

"वाईट कसाले? नीट वाळाडेल व्हई, वाळवीनी दवा पाजेल व्हई, तं ओसरीखाले, घरना मजार, दोन पिढी ऱ्हास. जथा पावसाना मार शे तथा मातर मी साग सांगसू. नई तं दर दोन साले रंग द्या, खाले पानी साचू देऊ नका, लक्ष ठेवा. साग शे तो तुम्हनी चूक माफ करस. पाइन करत नई."

हे भिलाने सांगितलं नव्हतं. पश्चिमेच्या खिडकीलाही त्याने पाइनच सांगितलं होतं. कोकिळाने आवाज खाली आणला. "भिला मिस्त्री तुम्हनाकडथून लेस का लाकूड? त्याले काही... तुम्ही देतस का?"

शेठ मोठ्याने हसला. "कमिशन? पाइनमा मालेच काही सुटत नई, त्याले काय देसू! पन तुम्ही ईचारं म्हणून सांगस. भिलानी वरीस व्हई गयं, सागनी एक फळी लिन्ही नई मन्हाकडथून. पह्यले तासभर हात फिराई फिराई निवडे. माले वाटनं, दुसरी वखार धरी का काय." निघताना तो सहज म्हणाला, "जुना साग घरमा व्हई तं माले सांगा. नवापेक्षा जुनाले मागणी शे."

परतीच्या जीपमध्ये कोकिळा खिडकीशी दाबून बसली होती आणि तिच्या डोक्यात सगळं एकात एक चपखल बसत गेलं, नव्या कोयंड्यात कडी बसावी तसं. लोकांना पाइन गळ्यात मारायचं, त्यांचा जुना साग घरी न्यायचा आणि विकायचा. वखारीतून साग घ्यायची गरजच काय मग? आणि उमाकांत? त्याला भिलाने काहीतरी पटवलं असणार, किंवा वाटा ठेवला असणार. पंचवीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याबद्दल असा विचार आला म्हणून ती क्षणभर दचकली. पण विचार गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिना दूध न्यायला आली. रिना म्हणजे वनरक्षक जालमसिंगची बायको. जालमसिंग मूळचा धडगावकडचा, बदलीवर आलेला. दोघं गावात भाड्याने राहत. रिनाची जीभ आणि तिच्या नवऱ्याचे कान यांत अंतर नव्हतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कोकिळालाही होतं.

"काकू, खिडकी अजून तशीच?" प्लॅस्टिककडे बघत रिना म्हणाली.

कोकिळा डब्यात दूध ओतत होती. तिने धार जराशी बारीक केली. "मिस्त्रीला सवड कुठे आहे बाई. त्याच्या शेडमध्ये सागच साग पडलाय, म्हणतात. वखारीतून तर वर्षभर घेतलेला नाही. कुठून आणतो, देव जाणे. पावती तरी असते की नाही."

'म्हणतात' हा शब्द तिने मुद्दाम घातला होता. रिनाने डब्याला झाकण लावलं, "हो का?" एवढंच म्हणाली आणि गेली. कोकिळाच्या मनाला बरं वाटलं. आपण काही केलं नाही, नुसतं बोललो. आता खरं काय ते आपोआप बाहेर पडेल.

ते पडलं. दोनच दिवसांनी, उमाकांत शाळेत गेल्यावर, तापीबाई धावत आली. "माय वं, भिलाना शेडमा जंगलखाताना मानसं उनात! तुन्हं नाव ली ऱ्हायनात!"

कोकिळाला जावंसं वाटेना. तरी ती गेली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, वाटेत कोणाशी न बोलता.

शेडपुढे माणसं जमली होती. वनपाल साहेब एका लाकडी घोडीवर टेकून कागदावर लिहीत होते. जालमसिंग शेडच्या दाराशी उभा होता. भिला जमिनीवर उकिडवा बसला होता, आणि त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बोलायला तोंड उघडलं की आधी खोकलाच यायचा. त्याची बायको धनुबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

शेडमध्ये सागाचा ढीग नव्हता. पाइनच्या फळ्या होत्या, बाभळीची दोन औताची लाकडं होती, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली फक्त तिच्या घरच्या दोन झडपा. हिरवा रंग, त्यावर बिजागऱ्यांच्या खुणा. एका झडपेची एक बाजू रंधा मारून उघडी केलेली, आतला साग मधासारखा चमकत होता. दुसरीला हातही लागलेला नव्हता.

"उमाकांतभाऊंच्या घरच्या तुम्हीच ना?" वनपालांनी विचारलं. आवाज साधा होता, दरडावणीचा नव्हता. "हे लाकूड तुमचं असं मिस्त्री म्हणतात. आमच्याकडे विनापावती सागाची खबर आली. तुमचं असेल तर तसं सांगा."

सगळे तिच्याकडे बघत होते. जालमसिंगही. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसता एक प्रश्न होता: काकू, खबर तुमचीच ना?

"आमचंच आहे," कोकिळा म्हणाली. "आमच्या पश्चिमेच्या खोलीच्या झडपा. आम्हीच दिल्या दुरुस्तीला. घर बांधलं तेव्हापासूनच्या आहेत."

"मिस्त्रींबद्दल काही तक्रार?"

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

वनपालांनी झडपा उलटसुलट करून पाहिल्या, जुना रंग, जुने खिळे पाहिले, तिची सही घेतली आणि भिलाला म्हणाले, "तुम्हाला त्रास झाला, मिस्त्री. खबर आली की आम्हाला बघावं लागतं." जंगलखात्याची जीप निघून गेली. माणसं मात्र लगेच हलली नाहीत. काहीच सापडलं नाही याची त्यांना जरा चुटपूट लागल्यासारखी दिसत होती.

भिलाला आत नेऊन खाटेवर टेकवल्यावर धनुबाई बाहेर आली आणि तिने कोकिळाचा हात धरला. कोकिळाला वाटलं, आता ही विचारणार. पण धनुबाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरं व्हयनं तू उनी," ती म्हणाली. "तुन्हा उपकार शेतस. नई तं त्याले तळोदाले लई जातात, आनि त्याना जीव... तुले सांगस, पन कोनले सांगू नको. वरीस व्हई गयं, त्याले धाप लागस. चिंचपाडाना दवाखानामा दखाडं. डाक्टर म्हणनात, सागनी भुकी छातीमा जास, ती बंद करा. पाइननं तितकं व्हत नई, तोंडले फडकं बांधीसन करस. तुन्ह्या झडपा लई उना, म्हणे, इतलं एक काम सागनं करी देखस. एक बाजू रंधी, आनि चार दिन खाटवर पडना. परत कशी देवो? परत दिन्ही तं कारन सांगनं पडी. मिस्त्रीले धाप शे हाई गावले कयनं तं काम कोन दी?"

"मी नई सांगाव," कोकिळा म्हणाली. तोंडातून तेवढंच निघालं. ज्या बाईच्या दारात तिने जीप आणून उभी केली होती, ती बाई तिचे उपकार मानत होती, आणि गुपितही तिच्याच पदरात टाकत होती.

ती घरी आली आणि बराच वेळ प्लॅस्टिक लावलेल्या खिडकीसमोर बसून राहिली. तिचा संशय खोटा नव्हता, हेच तिला जास्त टोचत होतं. भिलाने पाइन तिच्या भल्यासाठी सांगितलं नव्हतं, स्वतःसाठीच सांगितलं होतं. पावसाच्या बाजूलाही पाइन सांगून त्याने तिला फसवलंच होतं, थोडंसं. तो काहीतरी लपवत होता, हे तिने बरोबर ओळखलं होतं. काय लपवत होता, ते मात्र विचारायला ती गेली नव्हती. तिला ते आधीच ठाऊक होतं.

संध्याकाळी उमाकांतला सगळी हकीकत बाहेरच कळली होती. तो येऊन तिच्याजवळ बसला.

"तुम्हले माहीत व्हतं," ती म्हणाली. "त्यानी धाप."

"मीच त्याले गाडीवर चिंचपाडाले लई गयतू. दोनदा."

"माले सांगता नई उनं? घरमा बायकोले?"

"भिलानी शपथ घालेल व्हती," तो म्हणाला. मग, तिला लागू नये म्हणून हळू आवाजात, "आनि तुले सांगतू, तं गोट तापीबाईना ओटावर जाती. खोटं शे का?"

एरवी कोकिळाने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याकडे उमाकांतने जरा चमकून पाहिलं, आणि तिला पहिल्यांदा कळलं, दुसऱ्याच्या नजरेत संशय दिसला की कसं वाटतं.

मग दिवस तसेच गेले. रिना दूध न्यायला यायची, तिच्या तोंडाकडे बघायची, काही म्हणायची नाही. कोकिळाला वाटायचं, आज ही कोणाला सांगणार. तापीबाई ओट्यावर कोणाशी हळू बोलताना दिसली की तिला वाटायचं, माझंच चाललंय. जालमसिंगने वाटेत "राम राम, काकू" म्हटलं, तर त्या रामरामातही तिला काहीतरी ऐकू आलं.

खिडक्यांचा निर्णय मात्र तिने घेतला, आणि कोणाला न विचारता. ओसरीवरच्या दोन खिडक्या पाइनच्या. पश्चिमेची चौकट आणि झडपा सागाच्या. पण ती खिडकी भाईदास शेठच्या वखारीत मशीनवर कापून, घासून, तयार होऊन येईल. भिलाने फक्त बसवायची. शेठला तिने कारण सांगितलं नाही. "आम्हना मिस्त्रीले टाइम नई," एवढंच म्हणाली.

भिला आला तो तोंडाला ओलं फडकं बांधून. गावाला वाटावं, धुळीसाठी बांधलंय. त्याने आधी ओसरीवरच्या दोन्ही बसवल्या, मग पश्चिमेची. तयार चौकट पाहून त्याने तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मशीनचं काम होतं, त्याला आवडलं नसावं. तरी ओळंबा लावून त्याने ती भिंतीत अशी चपखल बसवली की झडप बोटाने ढकलली तरी बिनआवाज मिटत होती.

काम संपलं. तो हत्यारं पिशवीत भरत होता. उमाकांत मागे गोठ्यात होता. भिलाने फडकं खाली ओढलं आणि खाली बघतच विचारलं, "वहिनी, जालमसिंगजोडे कोन बोलनं व्हई, काही समजस का तुम्हले?"

तिला 'कोनले माहीत' म्हणता आलं असतं. जिभेवर तेच आलं होतं. तापीबाईचं नाव घेतलं असतं तरी खपलं असतं, साऱ्या गावाने मान हलवली असती.

"मी," कोकिळा म्हणाली. "रिनाजोडे मीच बोलनी. माले वाटनं, तुम्ही आम्हना साग ईकी टाकशात."

भिलाचा हात पटाशीवर थांबला. शेवटची चार हत्यारं त्याने एकेक करून पिशवीत ठेवली.

"माले ईचारी लेवाले पाहिजे व्हतं," तो म्हणाला.

"हां. पन तुम्हीबी पावसानी खिडकीले पाइन सांगं, भिलाभाऊ."

तो तिच्याकडे बघू लागला. रागावला असेल असं तिला वाटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर राग धड जमत नव्हता. "सांगं," तो म्हणाला. "तेबी खरं शे."

चहा करून ठेवला होता. कप ओट्यावर तसाच होता. भिलाने पिशवी खांद्याला लावली. ओसरीच्या खिडक्यांपाशी तो थांबला, पांढऱ्या लाकडावर तळहात टेकवला आणि पाठमोराच म्हणाला, "यास्ले रंग देवाले उशीर करू नका. कच्चं लाकूड हवामातलंबी पानी पी लेस."

आणि चहा न घेता गेला.

कोकिळाने त्याच दिवशी उमाकांतला तळोद्याला पिटाळून रंग मागवला. स्वतःच पदर खोचून दोन्ही खिडक्यांना पहिला हात दिला, गाठींवर दोनदा. तापीबाई कुंपणावरून बघत होती. "रंगारी मियना नई का वं?" तिने विचारलं. कोकिळाने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

सोनम आली, त्या खोलीत तिला मुलगी झाली. बारशाला धनुबाई आली; तिला काही कळलं होतं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कोकिळाला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. भिला आला नाही. तो उमाकांतला रस्त्यात भेटतो, दोघं मोटारसायकलवर चिंचपाड्याला जातात, आणि जाताना घरापुढे गाडी थांबली तर तो मागच्या सीटवरून उतरत नाही. तिला मात्र अजून 'वहिनी' म्हणतो. त्यात काय आहे आणि काय नाही, हे शोधत बसायचं नाही असं कोकिळाने ठरवलंय. रोज ठरवते.